शेजाऱ्यांचे पैसे

पुढच्या वर्षीपासून क्रूझ येणार नाही हे कळलं त्या दिवशी इनिशडारा बेटावर कुणीही रडलं नाही, आणि कौमुदीला राग आला तो याचाच.

बेट केवढं, तर सकाळी दूध आणायला निघालेला माणूस विचारात असला तर दुसऱ्या टोकाला पोचेल, एवढंच. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या पुढे, अटलांटिकच्या वाऱ्यात. गेली काही वर्षं मे ते सप्टेंबर बेटासमोर मोठमोठी पांढरी जहाजं नांगर टाकून उभी राहायची आणि त्यांच्यातून छोट्या होड्या भरभरून माणसं धक्क्यावर उतरायची. जर्मन, अमेरिकन, जपानी. कुणी स्वेटर घ्यायचं, कुणी घोडागाडीतून फिरायचं, कुणी पडक्या चर्चसमोर उभं राहून फोटो काढायचं, आणि संध्याकाळी सगळी परत जहाजावर. बेटाचं वर्षभराचं पोट त्या पाच महिन्यांवर भरायचं. सप्टेंबरअखेरच्या रविवारी को-ऑपच्या, म्हणजे बेटाच्या सहकारी संस्थेच्या हॉलमध्ये अध्यक्षबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कंपनीने पुढच्या वर्षीच्या मार्गातून आपलं बेट वगळलंय. समुद्र खवळला की होड्या लावता येत नाहीत, प्रवासी तक्रार करतात, त्यांना परवडत नाही. विषय संपला.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "हेरिंग मासे पण असेच गेले होते." आणि लोक उठून चहा करायला लागले! किटली लावली, बिस्किटं काढली, हवेच्या गप्पा सुरू.

"अरे, ही माणसं आहेत का दगड?" घरी आल्या आल्या कौमुदी शिरीषवर कडाडली. जणू जहाज त्यानेच वळवलं होतं. "तोंडचं पाणी पळायला हवं की नको? हे बिस्किटं खातायत!"

"त्यांचं आधी बरंच काही गेलंय," शिरीष म्हणाला. "मासे गेले, कारखाना गेला, पोरं गेली. सवय असेल."

"मला नाहीये सवय."

हे मात्र खरं होतं. आता कौमुदी म्हणजे काय प्रकरण आहे तेही सांगायला हवं. मूळची नाशिकची. लग्न होऊन शिरीषच्या मागोमाग डब्लिनला आली आणि तिथल्या ब्लँचर्डस्टाउनमध्ये दहाएक वर्षं राहिली. एम. कॉम. झालेली, पण मिळाल्या त्या नोकऱ्या अर्धवेळ आणि अर्ध्या मनाच्या. तिचं खरं कर्तृत्व शनिवार-रविवारचं. पुण्या-मुंबईहून कुठलंही जोडपं नवीन आलं, कुणाला बाळ झालं, कुणाचे आईवडील तीन महिन्यांसाठी आले, की कौमुदीचा डबा पोचलाच म्हणून समजा. घरी आलेला माणूस नुसतं पाणी पिऊन गेला तर हिला दिवसभर चुटपुट. मग शिरीषच्या कंपनीने घरून काम करायची मुभा दिली. या बेटावर जुन्या शाळेच्या इमारतीत वेगवान इंटरनेटचं ऑफिस निघालं होतं, भाडं डब्लिनच्या मानाने अगदीच किरकोळ होतं, आणि तीन वर्षांपूर्वी मंडळी छोट्या स्वरांगीला घेऊन इथे आली. ओळखीच्यांनी वेड्यात काढलं.

पहिल्याच उन्हाळ्यात कौमुदीने धक्क्यावरची तटरक्षकांची जुनी खोली को-ऑपकडून भाड्याने घेतली आणि चहा-बटाटेवडा सुरू केला. जहाज आलं की रांग लागायची. लोक वड्याचा फोटो काढायचे, आत काय आहे विचारायचे, आणि अजून एक मागायचे. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची सून नव्हती. टपरीवाली होती. घरात सगळे त्या खोलीला टपरीच म्हणत आणि तिला ते मनापासून आवडे.

आणि जहाजाची बातमी आली नेमक्या त्याच महिन्यात शिरीषच्या कंपनीने कळवलं, की फेब्रुवारीपासून आठवड्यातले दोन दिवस डब्लिनमधल्या सँट्रीच्या ऑफिसात हजर राहावंच लागेल. बेटावरून सँट्री म्हणजे आधी बोट, मग बस, मग आणखी एक बस, आणि समुद्र बिघडला की मुळात बोटच नाही. शिरीष भला माणूस, आवाज चढवणारा नव्हे. त्याने शांतपणे सांगितलं, "टपरी चालत असती तर मी ओढलं असतं, कौमुदी. तुझ्यासाठी ओढलं असतं. पण जहाजच नसेल तर आपण इथे कशासाठी राहायचं?"

"मी हिवाळ्यात चालवीन टपरी."

"कुणासाठी? सीगल्ससाठी?"

"बघच तू."

शेवटी ठरलं ते असं. जानेवारी संपेपर्यंत टपरीने आपलं भाडं, गॅस आणि सामान स्वतः भागवलं, तर राहायचं आणि शिरीषने जा-ये करायची. नाही भागवलं, तर गाशा गुंडाळून परत ब्लँचर्डस्टाउन. कौमुदीने तोऱ्यात हो म्हटलं खरं. शिरीष सीगल्सचं चेष्टेने बोलला असला तरी त्यात तथ्य होतं. बेटावरचं एकही माणूस तिच्या टपरीत येत नव्हतं.

सुरुवातीला आली होती की सगळी. दुकानवाली नोरा आली, होडीवाले आले, म्हातारा टायग आला. टायग म्हणजे घोडागाडीवाला. सत्तरी ओलांडलेला, लग्न न केलेला, थोडीशी शेती आणि पेग नावाची तपकिरी घोडी, एवढाच त्याचा संसार. चहा पिऊन त्याने खिशातून नाणी काढली तेव्हा कौमुदीने जीभ चावली. "छे छे! तुमच्याकडून कसले पैसे? तुम्ही तर शेजारी!" त्याने नाणी पुन्हा पुढे सरकवली, हिने मागे. त्याने पुन्हा पुढे, हिने पुन्हा मागे. कौमुदीला वाटलं, वा, अगदी आपल्यासारखंच आहे की. आपल्याकडे नाही का हॉटेलच्या बिलावरून दोन मेहुण्यांची झटापट होते. आणि आग्रहाच्या झटापटीत तिला आजवर कुणी हरवलेलं नव्हतं. टायगने नाणी खिशात घातली, टोपी सारखी केली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात पातेलंभर बटाटे. घरच्या शेतातले, मातीसकट. आता भांडं रिकामं परत करायचं नसतं हे काय हिला शिकवायला हवं? तिने रव्याचे लाडू भरून पातेलं परत पाठवलं. चार दिवसांनी त्याच पातेल्यात ताजे बांगडे. हिच्याकडून शंकरपाळे. मग एके दिवशी चक्क जिवंत लॉब्स्टर आला, त्याला बघून स्वरांगी खुर्चीवर चढून बसली. हिने तुपाच्या वाटीसकट पुरणपोळ्या धाडल्या आणि वर कोरडी चटणी. त्यानंतर पातेलं आलं नाही आणि टायगही आला नाही. उलट धक्क्याकडे यायला तो चर्चच्या मागचा लांबचा रस्ता धरायला लागला. हळूहळू बाकीचेही येईनासे झाले. रस्त्यात भेटले की हसायचे, स्वरांगीची चौकशी करायचे, पण टपरीत पाय टाकायचे नाहीत.

कौमुदीने मनाशी समजून घेतलं, की आपण या लोकांना आवडत नाही. शिरीषला तिने हे कधी सांगितलं नाही. जहाजाची रांग होती तोवर हे दुखणं झाकलेलं राहिलं. आता रांग गेली आणि ते उघडं पडलं.

ऑक्टोबरभर ती रोज टपरी उघडून बसली. एक वाट चुकलेला पक्षीनिरीक्षक आला, तो कॉफी मागून परत गेला. नोव्हेंबर लागला. खिडकीतून तिला बेट दिसत होतं, आणि दिसत होतं ते पाहून ती चकित होत होती. हॉलमध्ये बिस्किटं खाणारी ती माणसं हातावर हात धरून बसली नव्हती. स्वेटरवाल्या बाईने दुकानाची पाटी उतरवून रफूचं काम घेतलं, साऱ्या आयर्लंडमधून तिच्याकडे जुन्या स्वेटरांची पार्सलं यायला लागली. चर्च दाखवणारा गाइड पुन्हा लॉब्स्टरचे सापळे घेऊन समुद्रावर जाऊ लागला. हॉस्टेलमध्ये छपरं दुरुस्त करणारे कामगार उतरले. खडकांवरचं शेवाळ कापून वाळवायचं काम, जे फक्त म्हाताऱ्यांना आठवत होतं, ते तरुणांनी शिकून सुरू केलं. गाजावाजा नाही, भाषणं नाहीत. आणि ही सगळी मंडळी सकाळी सकाळी तिच्या टपरीसमोरून जायची, काखेत आपापला थर्मास घेऊन. थर्मास! गरम चहाच्या दुकानासमोर उभं राहून माणसं थर्मासमधला कोमट चहा पीत होती. कौमुदीच्या डोक्यात अक्षरशः तिडीक जायची.

एका पावसाळी दुपारी ती नोराच्या दुकानात कांदे घ्यायला गेली. नोरा साठीची, नवरा नसलेली, दुकान आणि पोस्ट दोन्ही सांभाळणारी. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बेटाच्या रिवाजाप्रमाणे आधी वाऱ्यावर बोलायला हवं होतं, मग पावसावर, मग कुणाच्या तरी गुडघ्यांवर, आणि मग कुठे मुद्द्यावर यायचं. कौमुदीचा धीर संपला होता.

"नोरा, माझा चहा वाईट असतो का?"

"नाही गं. ग्रँड असतो."

"मग मी वाईट आहे का?"

नोराच्या हातातला कांदा हातातच राहिला. असं तोंडावर कुणी काही विचारायची तिथे पद्धत नव्हती. ती कानापर्यंत लाल झाली. पण कौमुदीचे डोळे भरून आलेले तिने पाहिले आणि कांदा तराजूत टाकून ती म्हणाली, "तू पैसे घेत नाहीस."

"अहो, पण तुम्ही शेजारी आहात!"

"शेजारी आहे म्हणूनच तर. तुझ्या स्वयंपाकघरात बोलव, दहा कप पिईन आणि एक सेंट देणार नाही. पण धक्क्यावर तू पाटी लावलीस ना? मग ते दुकान झालं. दुकानात एकदा फुकट प्यायले, ठीक आहे. दुसऱ्यांदा आले, तेव्हाही तू पैसे परत केलेस. तिसऱ्यांदा यायला मी काय भिकारीण आहे?"

कौमुदीने हातातली पिशवी खाली ठेवली.

"आणि त्या बिचाऱ्या टायगचे काय हाल केलेस तू!" नोराला आता थांबवत नव्हतं. "एका कप चहापायी त्याने बटाटे दिले. तू मिठाई पाठवलीस. त्याने मासे दिले, तू आणखी काहीतरी पाठवलंस. तो लॉब्स्टर त्याने माझ्या भावाकडून मागून आणला होता, माहीत आहे? वर तू त्या गोड पोळ्या पाठवल्यास. रविवारी माझ्याकडे येऊन डोकं धरून बसला. म्हणाला, नोरा, बाई फार चांगली आहे, पण तिची ओळख मला परवडत नाही."

कौमुदीला आधी हसू फुटलं. मग हसता हसता ती खरंच रडायला लागली, तिथेच, कांद्यांसमोर. तीन वर्षं ती स्वतःला नावडती समजत होती आणि तीन वर्षं एक म्हातारा माणूस तिच्या आग्रहाला घाबरून चर्चला वळसा घालत होता.

"पण आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत हो," ती नाक पुसत म्हणाली.

"आमच्याकडेही देत नाहीत. म्हणून तर घोटाळा झाला."

मग नोराने काउंटरवरच्या अंड्यांच्या ट्रेकडे बोट दाखवलं. ही अंडी कुणाची, म्हणाली, तर वरच्या गल्लीतल्या बाईची. माझ्या परसात माझ्या स्वतःच्या कोंबड्या आहेत, तरी मी दर आठवड्याला तिच्याकडून अंडी विकत घेते.

"मग तुमच्या कोंबड्यांची अंडी?"

"कुत्रा खातो. बघ केवढा सुटलाय." दारातला कुत्रा खरोखरच गादीसारखा पसरला होता. "ती बाई माझ्याकडून किराणा घेते. समुद्रापलीकडच्या गावात स्वस्त मिळतो हे तिला ठाऊक नाही असं वाटतं तुला? जहाजं येत होती तेव्हा याची गरज नव्हती, आम्ही विसरूनच गेलो होतो. आता पुन्हा सुरू केलंय. बरं, तू बटाटे कुठून आणतेस?"

बटाटे डब्लिनच्या घाऊक बाजारातून यायचे, पोत्याने, बोटीवर भाडं भरून. आणि टायगच्या शेतात बटाटे पडून होते.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या दारात उभी राहिली. टायगने आधी तिचे हात पाहिले. डबा नाही, पातेलं नाही हे बघून त्याचा जीव भांड्यात पडला असावा. आठवड्याला एक पोतं बटाटे हवेत, म्हणाली, काय भाव? त्याने भाव सांगितला. कौमुदीच्या तोंडावर आलं होतं, की एवढा कमी कशाला, थोडे जास्त घ्या. तिने जीभ आवरली. आणि मग नाशिकच्या भाजीबाजारात आईच्या मागे फिरून जे काही शिकली होती ते सगळं बाहेर काढलं. बारीक आहेत, माती फार आहे, पोतं टपरीपर्यंत पोचवून द्यावं लागेल. टायग आधी चक्रावला, मग हट्टाला पेटला, मग त्याला भलताच चेव आला. दोघंही दारात उभं राहून चांगली भांडली. सौदा ठरला तेव्हा म्हातारा दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

पोतं पेगच्या गाडीतून आलं. कौमुदीने पैसे दिले, त्याने ते घेतले आणि खुर्चीवर बसून म्हणाला, "एक चहा." चहा प्याला आणि नाणी काउंटरवर ठेवली. कौमुदीचे हात नुसते शिवशिवत होते. दारी आलेल्या माणसाकडून चहाचे पैसे घ्यायचे! आईला कळलं तर म्हणेल, परदेशात जाऊन हेच शिकलीस का? तिने दात आवळून नाणी उचलली आणि गल्ल्यात टाकली. तिला अगदी हलकट झाल्यासारखं वाटलं. पण टायगचे खांदे एकदम सैल झालेले तिने पाहिले. त्याने पाय पसरले, पेगच्या दातांबद्दल बोलायला सुरुवात केली आणि आणखी एक चहा मागितला.

डिसेंबरात थर्मास कमी झाले. सापळेवाले पहाटे येऊ लागले, शेवाळवाले दुपारी. वड्याबरोबर कौमुदीने आमटी सुरू केली, चिंच-गुळाची. ती तिथे डाळीचं सूप म्हणून खपली आणि छपरावरचे कामगार वाटीला वाटी लावून प्यायले. तीही बदलली. स्वतःला रफू येत असताना तिने शिरीषचा स्वेटर पैसे देऊन रफू करून आणला. घरी कात्री असताना स्वरांगीचे केस बेटावरच्या न्हाविणीकडून कापून आणले. "आई, इट्स ग्रँड, यू कॅन डू इट ॲट होम," स्वरांगी म्हणाली, तर तिला म्हणाली, तू गप्प बस, हा व्यवहार आहे. संक्रांतीला मात्र तिने अख्ख्या बेटाला घरी बोलावलं, स्वयंपाकघरात, आणि तिळगूळ, गुळपोळी, चहा, सगळं आग्रह करकरून वाढलं. तिथे कुणी खिशात हात घातला नाही. नोराने मोजून दहा नव्हेत, पण भरपूर कप चहा प्याला.

टपरी उभी होती. पण जेमतेम. जानेवारीत वादळं लागोपाठ आली, बोटी बंद, होड्या बंद, सुट्टीला गेलेले कामगार पलीकडच्या किनाऱ्यावरच अडकले. उघडलेल्या टपरीत ती आणि टायग दोघंच बसायचे, असे दिवसच्या दिवस गेले. त्यातच नोराकडून कळलं, की टायग पेगला विकतोय. जहाजाची माणसं नाहीत तर घोडागाडीत बसणार कोण? आठवड्याच्या एका पोत्यावर घोडीचं पोट भरत नाही, हिवाळ्याचं गवत बोटीने आणावं लागतं. वॉटरफोर्डजवळच्या घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका बाईने तिला घ्यायचं कबूल केलं होतं.

कौमुदी घरी येऊन म्हणाली, "आपण देऊ या का गवताचे पैसे? गुपचूप?"

"तो घेईल?" शिरीषने विचारलं.

तिला उत्तर माहीत होतं, आणि ते माहीत असण्याचाच त्रास होत होता.

जानेवारीचा शेवटचा शुक्रवार उजाडला. वारा पडला होता, बोट येणार होती. शिरीष कामावर सुट्टी टाकून टपरीत येऊन बसला. ठरलं होतं त्याप्रमाणे त्याने हिशेब पाहिला, दोनदा पाहिला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "भाडं निघालं. गॅस निघाला. सामानात थोडं कमी पडतंय, कौमुदी." पुढचं दोघांनाही ठाऊक होतं. कौमुदीने मान हलवली आणि कढई तापायला ठेवली. रागवायला कुणी नव्हतं. त्याने शब्द पाळला होता, तिनेही पाळला होता, आणि तरी थोडं कमीच पडलं होतं. काउंटर पुसताना तिला वाटलं, हा काउंटर आपण किती वेळा पुसला असेल.

बोट आली. टायगने पेगला चालवत आणलं. घोडी फळीवर चढेना. त्याने तिच्या कानाशी तोंड नेऊन आयरिशमध्ये काहीतरी सांगितलं, बराच वेळ सांगितलं, तेव्हा ती चढली. बोट निघाली. धक्क्यावर जेवढी माणसं होती तेवढी सगळी दुसरीकडे बघत उभी राहिली. कुणी दोर गुंडाळत होतं, कुणी बूट घट्ट करत होतं. कुणीही त्याच्याजवळ गेलं नाही. पहिल्या दिवशीची कौमुदी असती तर म्हणाली असती, दगड आहेत. आता तिला कळलं, की ही माणसं त्याला एकटं सोडत नव्हती, फक्त त्याच्याकडे बघत नव्हती, एवढंच.

मग टायग टपरीत आला. त्याच्यामागून नोरा आली, सापळेवाले आले, सगळे आले आणि एकदम मोठमोठ्याने हवेबद्दल बोलायला लागले.

"चहा," टायग म्हणाला. "आणि एक वडा."

त्याने वडा खाल्ला, सावकाश. चहा संपवला. उठून काउंटरशी आला आणि खिशातून पाच युरोची नोट काढून ठेवली.

कौमुदीच्या अंगातलं सगळं नाशिक, सगळी आई, सगळी आजी उसळून वर आली. आजच्या दिवशी या माणसाकडून पैसे घ्यायचे? ज्याच्या घरातलं एकुलतं एक जिवंत माणूस, हो, माणूसच, आत्ता बोटीत चढून गेलं, त्याच्याकडून? राहू दे हो, आज राहू दे, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. तिने वर पाहिलं. टायग तिच्याकडे बघत नव्हता. तो तिच्या हाताकडे बघत होता. टपरीतल्या हवेच्या गप्पा थांबल्या होत्या. आज हा हात मागे आला, तर उद्यापासून हा म्हातारा ज्याची घोडी गेली तो बिचारा, एवढाच उरेल, आणि पुन्हा कधी इथे येणार नाही. हे तिला स्वच्छ कळलं.

तिने नोट उचलली. गल्ला उघडला. सुटे पैसे काढून त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने ते नीट पाहिले, बरोबर आहेत अशी मान हलवली आणि खिशात टाकले. मागे कुणीतरी पुन्हा पावसाचं बोलायला लागलं.

टायग दारापर्यंत गेला आणि वळला.

"उद्या उघडी असशील ना?"

कौमुदीने शिरीषकडे पाहिलंच नाही.

"हो," ती म्हणाली. "उद्या आहे, परवा आहे. रोज आहे."

"ग्रँड," टायग म्हणाला आणि टोपी घालून बाहेर पडला.

कौमुदी मागच्या बाजूला गेली आणि एप्रनमध्ये तोंड खुपसून ढसाढसा रडली. बाहेर नोरा चहा मागत होती, तिला कुणी द्यायला नव्हतं. थोड्या वेळाने शिरीष मागे आला. तिच्याजवळ येऊन उभा राहिला, फळीवरचे डबे एकेक करून उघडून पाहायला लागला आणि म्हणाला, "बेसन संपत आलंय. ब्लँचर्डस्टाउनच्या दुकानात फोन करतो, सोमवारच्या बोटीने पाठवा म्हणून सांगतो."

"दोन पोती सांग," कौमुदी म्हणाली.